रेक्झिनचा हत्ती

"भाभी, तुम्हाला हत्ती शिवता येईल का?"

सुरय्याने मशीनवरचा पाय न काढता विचारलं, "किती सीटचा?"

यात तिचं काही चुकलं नव्हतं. दापोडी स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, वजीरचं, सीट कव्हरचं दुकान होतं. वजीर फोम कापायचा आणि तयार सीट गाडीत बसवायचा. सुरय्या शिवायची. रिक्षा, स्कूटर, शाळेची व्हॅन, काय येईल ते. लोक ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो टेम्पो तर एक दिवसाआड दारात उभा असायचा.

"टेम्पो नाही हो," विजयश्री म्हणाली. "खरा हत्ती. म्हणजे खोटाच, पण खऱ्यासारखा. आत दोन माणसं मावतील असा."

आता मात्र सुरय्याचा पाय थांबला.

विजयश्री रावेतला राहायची. आठवडाभर आयटी कंपनीत नोकरी करायची आणि रविवारी सोसायटीतल्या मुलांची नाटकं बसवायची. ती आली होती स्कूटरची फाटलेली सीट घेऊन, पण समोर सुरय्या एका रिक्षाच्या सीटवर लाल-पिवळ्या रेक्झिनचा मोर जोडत बसलेली दिसली आणि तिच्या तोंडून हत्ती निघून गेला. नव्या नाटकात राजाचा हत्ती गावातल्या एका अरुंद बोळात अडकतो. पुढे जाईना, मागे येईना. मग गाव हळूहळू त्याच्या भोवतीनं जगायला लागतं. कोणी त्याच्या शेपटीवर कपडे वाळत घालतं, कोणी पोटाखाली चहाची टपरी टाकतं. प्रयोग तळेगाव दाभाड्याला व्हायचा होता. मुलं तयार होती, गाणी तयार होती, फक्त हत्ती नव्हता.

"भाड्यानं मिळत असतील की," वजीर म्हणाला.

"बघितले ना. सगळे हसरे आहेत. वाढदिवसाला उभे करतात तसले. मला गंभीर हत्ती पाहिजे."

"गंभीर हत्ती," सुरय्या पुटपुटली. आणि का कोण जाणे, तिला एकदम खुदकन हसू फुटलं. "करू या, ताई. करू या की!"

विजयश्री गेल्यावर वजीरनं कात्री खाली ठेवली. "तू हत्ती शेवटचा कधी बघितलास?"

"लहानपणी. सांगलीला."

"जवळून?"

"अब्बांच्या खांद्यावरून. मधे खूप गर्दी होती. कान दिसला होता."

"झालं तर मग," वजीर म्हणाला, "कानापासून सुरुवात कर."

त्यानं टोमणा मारला होता, पण सुरय्यानं तो सल्ला समजून घेतला आणि त्याच दुपारी करड्या रेक्झिनचे दोन कान बेतले. कान छान झाले. मग वजीरनं प्लास्टिकच्या पाइपचा सांगाडा बांधला, त्यावर फोम चढवला आणि सुरय्यानं वरून करडं रेक्झिन ताणून बसवलं. शिवणी सरळ, कडेला पायपिंग, कुठे एक सुरकुती नाही. एवढं नेटकं काम तिनं कुठल्या पाहुण्यांच्या सोफ्याचंही केलं नव्हतं.

आणि नेमकी तीच भानगड झाली.

दुकानाच्या वरच्या खोलीत समाधान नावाचा भाडेकरू राहायचा. बीडकडचा, चाकणच्या एका कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट संपवून तो आला, चपला काढता काढता त्यानं त्या करड्या वस्तूकडे बघितलं आणि मनापासून म्हणाला, "भाभी, सोफा लय भारी झालाय! उशा कधी लावायलाव?"

"सोफा?" सुरय्या कडाडली. "डोळे फुटले का? कान दिसेनात?"

"मला वाटलं हात ठेवायला असतील."

सुरय्यानं वजीरकडे बघितलं. वजीर छताकडे बघत होता. मग तिनं हत्तीकडे बघितलं. चांगली निरखून, मान वाकडी करून बघितली. आणि ती जी हसत सुटली, ती हसता हसता बसायला जागा शोधत त्या हत्तीवरच बसली. सोफा म्हणून तो खरंच आरामशीर होता.

विजयश्री रविवारी आली, तिनं एक फेरी मारली, दुसरी मारली. शेवटी म्हणाली, "रंग... बरोबर आहे."

"खरं बोला, ताई."

"खरं म्हणजे रंगही नाही बरोबर," विजयश्री म्हणाली, आणि मग दोघीही भिंतीला टेकून डोळे पुसायला लागल्या.

पण हसून झाल्यावर विजयश्री फरशीवर बसली, शिंपीखडू उचलला आणि म्हणाली, "मलाही येत नाही, भाभी. पण एक करून बघू. कान, सोंड, सुळे सगळं विसरा. हत्तीची नुसती पाठ काढायची. एका रेघेत. हात न उचलता."

तिनं एक रेघ ओढली. ती घसरगुंडीसारखी झाली. सुरय्यानं ओढली. ती उशीसारखी झाली. फोनवर हत्तीचे व्हिडिओ लावून, ते थांबवून थांबवून दोघी ओढत राहिल्या. माथ्याचा उंचवटा, मग मानेशी खळगा, मग पाठीचा भला मोठा चढ आणि मागे एकदम उतार. फरशी भरली. ओटा भरला. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सुरय्या त्यावर गेली. दर रेघेला तिचा हात खांद्यापासून फिरायला लागला आणि अशाच एका रेघेला, शेपटीपाशी खडू मोडला तेव्हा, शटरवर हत्ती चालत होता. ना डोळा, ना पाय, नुसती पाठ. पण तो चालत होता, त्याला वजन होतं, आणि त्याला कुठंही जायची घाई नव्हती.

"हात लावू नका!" विजयश्री ओरडली. "वजीरभाई, शटर बंद करू नका!"

"शटर ओढल्याशिवाय दुकान कसं बंद करू?"

त्या दिवशी दुकान पडदा लावून बंद झालं.

त्यानंतर सुरय्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. भाजी आणायला गेली तर वांग्याकडे बघत उभी राहायची. पुलाखाली नदीकाठी म्हशी बसलेल्या असायच्या, त्यांच्या पाठी बोटानं हवेत काढायची. बसची वाट बघणाऱ्या माणसांमध्ये कोणाचं वजन कुठल्या पायावर आहे हे तिला दिसायला लागलं होतं. एकदा रस्त्यातून पाण्याचा टँकर चालला होता, पूर्ण भरलेला, वळताना डुलणारा. ती त्याच्यामागे चौकापर्यंत चालत गेली. घरी येऊन वजीरला म्हणाली, "अहो, पोट गोल नसतं. खाली ओढलेलं असतं. सगळं पाणी खाली असतं ना, तसं."

"कोणाचं पोट?" वजीरनं स्वतःचं पोट आत घेत विचारलं.

सांगाडा पुन्हा बांधला. आता पाठ शटरवरच्या रेघेबरहुकूम झाली आणि पोट टँकरसारखं ओथंबलं. आकार जमला होता. पण वरून रेक्झिन चढवलं की पुन्हा सोफा. गुळगुळीत, चकचकीत, पुसून घ्यावासा. सुरय्यानं ते दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा उसवताना तिचा चेहरा पडला होता, आणि वजीरला ते बघवेना.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "लांबून कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बिघडलं. ती उद्धवराव या जुन्या गिऱ्हाइकाच्या रिक्षाची सीट शिवत होती आणि कापड पुढे सरकेल तसं आखडत, चुण्या पडत चाललं होतं. दोऱ्याचं टेन्शन जास्त झालं होतं. माणसासारखंच, मशीनला टेन्शन आलं की सुरकुत्या पडतात. ती वैतागली, दोरा तोडला, तो काळा तुकडा कोपऱ्यात भिरकावला आणि वजीरला हाक मारली, "अहो, जरा पेचकस घेऊन या."

वजीर पेचकस घेऊन आला तेव्हा ती कोपऱ्यात गुडघ्यांवर बसलेली होती. तो तुकडा तिनं दोन्ही हातांत धरला होता. आडव्या बारीक चुण्या, त्यांना छेदणाऱ्या उभ्या, मधेमधे फुगीर चौकोन. तिनं तो गालाला लावला.

"खबरदार!" ती म्हणाली. "मशीनला हात लावाल तर!"

"अगं, पण बिघडलंय ते."

"बिघडलेलंच पाहिजे!"

आणि मग दुकानात असा काही गोंधळ माजला की विचारू नका. सुरय्या टेन्शन वाढवून शिवायची, उलटं धरून शिवायची, ओलं करून चुरगाळायची. कुठे चुण्या दाट, कुठे विरळ. गुडघ्याशी दाट, कारण उद्धवरावांच्या खाकी शर्टाच्या कोपराशी तशाच होत्या. सीट झाली का बघायला ते दुपारी डोकावले तेव्हा त्यांचा हात धरून तिनं तो चांगला दोन्ही बाजूंनी वाकवून बघितला. करडं रेक्झिन संपलं तेव्हा तिनं उरलेले तुकडे उपसले. बसच्या सीटचं निळं, जुनं मळकट तपकिरी, व्हॅनचं जांभळं, रिक्षाचं काळं, कधीकाळचं उडालेलं गुलाबी.

"हत्ती गोधडी होईल," वजीर म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली. दातांत दोरा होता, केसांत खडूची धूळ, आणि डोळे चमकत होते. वजीरही हळूच खाली बसला आणि कानाच्या मागे गुलाबी तुकडा लावून बघायला लागला. "इथं बरा दिसतो का गं?"

संध्याकाळी उद्धवराव सीट न्यायला आले. दापोडीतले जुने रहिवासी, रिक्षाही जुनी. त्यांनी सीटवरून हात फिरवला. "सुरय्या, ही शीट म्हातारी कशी झाली गं? मी तर नवी सांगितली व्हती."

"चाचा, आजचा दिवस राहू द्या. मशीनला झटका आलाय."

"मशीनला व्हय?" त्यांनी आत डोकावून हत्तीचा पाय बघितला. बराच वेळ बघितला. "न्हाई, ऱ्हाऊ दे मग. शीट अशीच ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक इचारंल तर सांगीन, हत्तीच्या घरातली हाय."

विजयश्री आली तेव्हा हत्ती दुकानाबाहेर उभा होता. तिनं जवळून बघितलं आणि ती दोन पावलं मागे सरली. निळं, जांभळं, तपकिरी, ठिकठिकाणी गुलाबी. हे असं रंगीबेरंगी तिनं मागितलं नव्हतं.

"इथून नका बघू," सुरय्या म्हणाली. "रस्त्याच्या पलीकडे जा. प्रेक्षक जिथं बसतील तिथं."

विजयश्री रस्ता ओलांडून पलीकडे गेली. वळून बघते तर मधे बस येऊन थांबली. बस निघेना. कंडक्टरचं कोणाशी तरी वाजलं होतं. सुरय्या अलीकडे चवड्यांवर उभी. मग बस सरकली, आणि सगळे तुकडे, सगळ्या चुण्या आपापसांत मिसळून गेल्या, आणि दापोडीच्या गल्लीच्या तोंडाशी, संध्याकाळच्या उन्हात, एक करडा, धुळीनं माखलेला, अतिशय गंभीर हत्ती उभा होता.

विजयश्रीच्या तोंडून किंकाळी फुटली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं घाबरून ब्रेक मारला, मग तिच्या नजरेच्या दिशेनं बघितलं, आणि तोही ओरडला.

आता प्रश्न पायांचा. पुढच्या पायांत वजीर आणि मागच्या पायांत समाधान असं ठरलं, कारण दुसरं कोणी तयार होईना. पहिल्या तालमीत समाधान वजीरवर आदळला. दुसरीत पुढचा हत्ती गेला आणि मागचा राहिला.

"समाधान, एवढ्या झपाट्यानं काय चालतोस?" आतून वजीरचा आवाज आला.

"लाईनवर तसंच चालावं लागतंय, भाई. सवय झालीय."

"हत्तीला कोणी टार्गेट दिलंय का?" सुरय्यानं हत्तीच्या पाठीवर थाप मारली. मग तिनं मशीनची गती एकदम कमी केली आणि रिकामं मशीन चालवायला लागली. खट्... खट्... खट्. "ह्याच्यावर चाला. खट् झालं की वजन टाका. मधे पाय नुसता लोंबू द्या."

खट्. पाय लोंबला. खट्. पोट डुललं. खट्. शेपटी आपोआप हलली. गल्लीतून कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि हत्ती कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानापर्यंत जाऊन वळून परत आला.

प्रयोगाच्या दिवशी सुरय्याचा भाऊ एहसान टेम्पो घेऊन आला. हत्ती उघड्या टेम्पोत बांधला आणि जुन्या हायवेनं सगळे तळेगावला निघाले. निगडीच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या बसमधली सगळी माणसं एका बाजूला आली. एका बाईनं खिडकीतून केळं पुढे केलं. एहसाननं ते घेतलं आणि स्वतः खाल्लं. सुरय्या हत्तीचा कान धरून मागे उभी होती आणि दर माणसाला हात करत होती, जणू निवडणुकीला उभी आहे.

तळेगावच्या सभागृहाशी पोचल्यावर तिचं हसू मावळलं. रंगमंचावर जायचा मागचा दरवाजा अरुंद होता. विजयश्रीनं माप दिलं होतं, सुरय्यानं ते घेतलंही होतं. पण कामाच्या भरात पोट वाढत गेलं होतं, पाठ वाढत गेली होती, आणि माप कुठल्या कुठे राहिलं होतं.

आडवा करून बघितला. उलटा करून बघितला. डोकं आत गेलं, बाकीचं बाहेर.

"माझं चुकलं, ताई," सुरय्या म्हणाली. तिनं पिशवीतून कात्री काढली. "कापू का? पोट उसवते थोडं."

विजयश्री दारात अडकलेल्या हत्तीकडे बघत होती. आत मुलांचा गलका चालला होता, प्रेक्षक येऊन बसत होते. तिनं एकदा हत्तीकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"भाभी," ती म्हणाली, "हत्ती अडकलाय."

"दिसतंय ना मला."

"अहो, नाटक काय आहे आपलं? हत्ती अडकलाय!" तिनं सुरय्याचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "एक टाका उसवू नका, काही कापू नका. पुढच्या दरवाजानं आणा. प्रेक्षकांतून!"

मुलांना दोन वाक्यांत सगळं समजावलं. मुलांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

नाटक सुरू झालं. ढोलकी वाजली, राजाची स्वारी रंगमंचावर आली आणि राजा ओरडला, "माझा हत्ती कुठाय?" तसा सभागृहाचा मागचा मोठा दरवाजा उघडला. खट् म्हणायला मशीन नव्हतं, म्हणून सुरय्या हत्तीच्या बाजूनं चालत चिमटीनं टिचक्या वाजवत होती. प्रेक्षकांनी माना वळवल्या. कोणी उठून उभं राहिलं. एक बाळ रडायला लागलं आणि लगेच थांबलं. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, डुलत, कोणाच्याही खांद्याला न लागता हत्ती येत होता. येता येता वाट अरुंद झाली आणि तो थांबला. खरोखर थांबला. दोन्हीकडच्या खुर्च्यांमध्ये पोट घट्ट बसलं होतं.

आतून समाधानचा दबका आवाज आला, "भाई, मला हसू यायलंय."

"दाब," वजीर म्हणाला.

पण दाबलं तसं ते वाढलं. आधी हत्तीचा मागचा भाग हादरायला लागला, मग वजीरला लागण झाली आणि पुढचाही. कान फडफडायला लागले. भरलेल्या सभागृहाच्या मधोमध एक गंभीर हत्ती खदखदत होता.

"गप उभा राहा!" सुरय्या जोरात ओरडली. "एवढ्या लोकांसमोर लाज वाटत नाही? गप म्हणते ना!"

सभागृह हसून कोसळलं. सगळ्यांना वाटलं ही माहूत आहे, नाटकातलीच. राजाचं काम करणारी मुलगी पण तयारीची निघाली. रंगमंचावरून तिनं आवाज दिला, "माहूतबाई! माझा हत्ती का हसतो?"

सुरय्याला एकही वाक्य पाठ नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं कंबरेवर हात ठेवले.

"महाराज," ती म्हणाली, "तुमचं गाव त्याच्या पोटाला गुदगुल्या करतंय. गाव थोडं रुंद करा!"

त्यानंतर मुलं रंगमंचावर राहिलीच नाहीत. ती सगळी खाली उतरून हत्तीभोवती आली. शेपटीला दोरी बांधून प्रेक्षकांचे रुमाल वाळत घातले. पोटाखाली चहाची टपरी लागली आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना उठून तिथं यावं लागलं. गाणी प्रेक्षकांच्या मधे बसून झाली. सुरय्या इकडून तिकडे फिरत हत्तीला दटावत होती, मुलांना वाट करून देत होती, लोकांना पाय वर घ्यायला सांगत होती, आणि लोक मुकाट्यानं पाय वर घेत होते.

नाटक संपल्यावर सावित्रीबाई नावाच्या एक वयस्कर बाई, राजा झालेल्या मुलीच्या आजी, हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन पुढे आल्या. हत्तीला नमस्कार केला आणि सोंडेपुढे तुकडा धरला. सोंडेतून वजीरचा हात बाहेर आला आणि त्यानं तो अलगद घेतला. सावित्रीबाईंनी आधी "अगं बाई!" केलं, मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"कोणी केलाय हा?" त्यांनी दम लागत विचारलं.

विजयश्रीनं सुरय्याला पुढे ढकललं. सुरय्यानं वजीरकडे, समाधानकडे बोट दाखवलं, मग विजयश्रीकडे, मग मशीन इथं नसल्यामुळे दापोडीच्या दिशेला. "सगळ्यांनी," ती म्हणाली. पण सावित्रीबाईंनी तिचाच हात धरून ठेवला होता. त्यांनी बोटं उलटीसुलटी करून बघितली, सुईचे टोचे, खडूची रेघ, आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

हत्ती काही परत आला नाही. पुढच्या रविवारी इथंच आणखी एक प्रयोग लावायचा असं लोकांनी जागच्या जागी ठरवलं आणि मुलं त्याच्या पायांना अशी बिलगली की तो व्हरांड्यातच ठेवावा लागला.

परतताना टेम्पोचा मागचा भाग रिकामा होता. वजीर आणि समाधान पुढे एहसानशेजारी चेंगरून बसले होते आणि अजून अधूनमधून हसत होते. सुरय्या आणि विजयश्री मागे उभ्या, दांड्याला धरून. वारा एवढा होता की ओरडून बोलावं लागत होतं. उन्हं कलली होती. उजव्या हाताला घोरावडेश्वरचा डोंगर आला, सगळा एका रेघेत, मधे कुठे हात न उचलता काढलेला.

सुरय्या बोलता बोलता थांबली. तिनं हात लांब केला आणि बोटानं ती कड टोकापासून टोकापर्यंत फिरवली. टेम्पो धावत होता, डोंगर वळत होता, कड बदलत होती, आणि तिचं बोट तिच्यामागे पळत होतं.

"ताई!" ती ओरडली. "ह्याला शिवण कुठून घालायची हो?"

"काय?"

"शिवण! शिवण!"

पुढच्या खिडकीतून वजीरनं डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं? थांबवू का?"

"नका थांबवू!" दोघी एकदम ओरडल्या.